पत्ता चुकला की पायथॉन हरवतो

बालमित्रांनो, आधी एक कोडं सोडवा. मुंबईचा एक पाहुणा पहिल्यांदाच शहापूरला निघालाय. त्याला कुणीतरी सांगितलं, "कसारा लोकल पकड आणि शहापूरला उतर." बिचारा डब्यातला स्टेशनांचा तक्ता वाचू लागतो. कल्याण, शहाड, आंबिवली, टिटवाळा, खडवली, वासिंद, आसनगाव, आटगाव, खर्डी... असं करत करत कसारा आलं, पण शहापूर काही सापडेना! मग काय, शहापूर नावाचं गावच नाही?

तुम्ही हसाल. शहापूरला जायचं तर आसनगावला उतरायचं आणि तिथून रिक्षा नाहीतर एसटी धरायची, हे आपल्याकडच्या पहिलीतल्या पोरालाही ठाऊक असतं. शहापूर आपल्या जागी ठाकठीक आहे. त्या तक्त्यात त्याचं नाव नाही, एवढंच.

आता हेच कोडं संगणकाच्या बाबतीत बघू.

शहापूर तालुक्यातल्या पाष्टेपाड्याच्या जिल्हा परिषद शाळेचं नाव तुम्ही ऐकलं असेल. टॅबलेटवरच्या शिक्षणामुळे ती राज्यभर गाजली. आता तर पाड्यापाड्यांवरच्या मुलांना टॅबलेट आणि मोबाइल नवे राहिलेले नाहीत. तिथं काम सोपं असतं. चित्राला बोट लावायचं, खेळ सुरू! पण खेळ खेळणं वेगळं आणि खेळ तयार करणं वेगळं. ज्यांना स्वतः प्रोग्रॅम लिहायचा असतो, त्यांना एका निराळ्याच खिडकीत शिरावं लागतं. तिथं चित्रं नसतात, बटणं नसतात. काळा पडदा आणि त्यावर लुकलुकणारी एक रेघ. विंडोजवर तिला 'कमांड प्रॉम्प्ट' म्हणतात, लिनक्स आणि मॅकवर 'टर्मिनल'. इथं संगणकाला नावानं हाक मारायची. हव्या त्या हत्याराचं नाव टाइप केलं आणि एंटर दाबला की ते हजर. सुतार जसा "रंधा दे", "पटाशी दे" म्हणतो ना, तस्संच.

(एक सूचना आत्ताच करून ठेवते. इथं आज्ञांची नावं वाचायला सोपी जावीत म्हणून देवनागरीत दिली आहेत. संगणकावर मात्र ती इंग्रजी अक्षरांतच टाइप करायची.)

आमच्या सातवीच्या मुलांनी एका जुन्या लॅपटॉपवर पायथॉन बसवायचा घाट घातला. पायथॉन म्हणजे अजगर नव्हे बरं का! संगणकाला सूचना लिहून द्यायची ती एक भाषा आहे. नेदरलँड्सच्या खिडो व्हॅन रोसम यांनी ती तयार केली आणि १९९१ साली जगापुढे ठेवली. तिचं नावसुद्धा अजगरावरून आलेलं नाही, ते 'माँटी पायथन' नावाच्या एका ब्रिटिश विनोदी मंडळीवरून आलंय. तर मोबाइलचं नेट जोडून फाइल उतरवली, रेंज जात-येत होती तरी ती पुरती उतरली, पायथॉन बसला आणि टाळ्या पडल्या. मग काळ्या खिडकीत ऐटीत 'पायथॉन' असं टाइप करून एंटर दाबला. उत्तर आलं, ही आज्ञा ओळखता येत नाही!

सगळ्यांचे चेहरे पडले. एकजण म्हणाला, "बाई, फाइलच खराब दिसते. परत उतरवूया." एक मुलगी हळूच म्हणाली, "मीच काहीतरी चुकीचं दाबलं असणार." या दुसऱ्या वाक्याचं मला जास्त वाईट वाटतं. शहरातला मुलगा असं झालं तर संगणकाला शिव्या देतो, आपली पोरं स्वतःला दोष देतात आणि पुन्हा त्या खिडकीकडे फिरकत नाहीत. खरं तर फाइल चांगली होती आणि त्या मुलीचं काहीही चुकलं नव्हतं. पायथॉन त्याच लॅपटॉपमध्ये, आपल्या फोल्डरमध्ये, शांत बसलेला होता. अगदी कसारा लोकलच्या तक्त्यात नसलेल्या शहापूरसारखा.

झालं काय होतं ते सांगते. संगणकाच्या डिस्कवर लाखो फायली असतात. तुम्ही एक नाव उच्चारलंत म्हणून तो सगळी डिस्क धुंडाळत बसत नाही. त्याच्याजवळ एक छोटी यादी असते. तिच्यात काही फोल्डरांचे पत्ते ओळीनं लिहिलेले असतात. या यादीला म्हणतात 'पाथ', म्हणजे वाट. आपण नाव टाइप केलं की संगणक यादीतल्या पहिल्या फोल्डरात डोकावतो. तिथं नाही? मग दुसऱ्यात. तिथंही नाही? तिसऱ्यात. ज्या घडीला त्या नावाचा प्रोग्रॅम भेटेल, त्या घडीला तो चालू करतो आणि पुढं बघतच नाही. यादी संपली तरी भेटला नाही, तर हात वर करतो. तेव्हा 'सापडला नाही' याचा खरा अर्थ एवढाच की 'माझ्या यादीतल्या ठिकाणी सापडला नाही'. हा फरक ज्याला कळला त्याचं निम्मं काम झालं.

तुम्ही विचाराल, मग सगळी डिस्क का शोधत नाही? एक तर वेळ लागेल. आणि दुसरं कारण याहून मोठं आहे. एकाच नावाचे दोन प्रोग्रॅम सापडले तर कुठला घ्यायचा?

नावांचा हा घोळ आपल्या टपाल खात्यानं फार सोसलाय. शहापूर काय एकच आहे? बेळगावात शहापूर आहे, कर्नाटकातल्या यादगीर जिल्ह्यात शहापूर आहे. पाटीलपाडा म्हटलं तर आपल्याच भागात विचारावं लागतं, कुठला पाटीलपाडा? त्यातून पत्ते लिहिणार वेगवेगळ्या भाषांत आणि वेगवेगळ्या अक्षरांत. पत्रं भलतीकडे जात. यावर तोड म्हणून १५ ऑगस्ट १९७२ रोजी देशात पिनकोड सुरू झाला. ही कल्पना अमलात आणणारे टपाल खात्यातले अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर हे रत्नागिरी जिल्ह्यातले मराठी गृहस्थ. गंमत म्हणजे ते संस्कृतचे नामवंत कवीही होते. शहापूरचा पिनकोड ४२१६०१ आणि मुरबाडचा ४२१४०१. हे सहा आकडे असले की दुसऱ्या कुठल्या शहापूरला पत्र जायची भीती नाही.

संगणकातही असा पूर्ण पत्ता असतो. ड्राइव्ह कुठला, त्यात फोल्डर कुठलं, त्याच्या आत कुठलं, असं शेवटपर्यंत. पूर्ण पत्ता टाइप केलात तर संगणक यादी उघडतच नाही, सरळ त्या जागी जातो. आमच्या मुलांनी तेच केलं. पायथॉन कुठल्या फोल्डरात बसलाय ते आधी शोधलं, तो सगळा लांबलचक पत्ता खिडकीत टाइप केला, आणि काय सांगू, पायथॉन पहिल्या हाकेला आला! म्हणजे निदान झालं. माणूस घरात आहे, आपल्या यादीत त्याचं घर नाही. पण दरवेळी एवढा पत्ता कोण लिहीत बसणार? म्हणून यादी सुधारायची.

ही यादी आली कुठून, तेही ऐकण्यासारखं आहे. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी १९६९ पासून 'युनिक्स' नावाची प्रणाली तयार करायला घेतली. प्रोग्रॅम ठेवायला त्यांनी एक फोल्डर केलं, त्याचं नाव 'बिन'. त्या काळच्या डिस्क केवढ्या, तर आजच्या मोबाइलमधल्या एक-दोन फोटोंत भरून जातील एवढ्या! एका डिस्कवर प्रोग्रॅम मावेनात तेव्हा दुसऱ्या डिस्कवर आणखी एक 'बिन' उघडावं लागलं. धान्याची एक कणगी भरली की शेतकरी दुसरी भरायला घेतो, त्यातलाच प्रकार. आता दोन कणग्या म्हटल्यावर कुठल्या आधी उघडायच्या हे ठरवणं आलं. पुढं १९७९ च्या युनिक्समध्ये स्टीफन बोर्न यांचा 'शेल' आला आणि त्यात ज्यानं त्यानं आपली यादी आपल्याला हवी तशी लिहायची सोय होती. नाव तेच, 'पाथ'. मायक्रोसॉफ्टच्या डॉसमध्ये फोल्डरं १९८३ साली आली, त्याबरोबर ही यादीही आली. विंडोजच्या पोटात ती आजही आहे. जे संगणक तेव्हा होते ते केव्हाच भंगारात गेले, पण त्यांची यादी टिकली.

आता आपली यादी दुरुस्त करू. विंडोजवर पायथॉन बसवतानाच पहिल्या पडद्यावर तळाशी एक चौकोन असतो, 'पायथॉन पाथमध्ये घाला' अशा अर्थाचा. त्यावर आधीपासून टिक नसते, आपण करायची. घाईघाईत सगळेजण पुढचं मोठं बटण दाबून मोकळे होतात आणि नंतर डोकं धरून बसतात. चौकोन राहून गेला असेल तरी बिघडत नाही. स्टार्टच्या शोधखिडकीत 'एन्व्हायर्नमेंट' असं लिहा. 'एडिट एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स फॉर युअर अकाउंट' ही ओळ दिसेल ती उघडा. आपल्या नावाखाली 'पाथ' असेल ते निवडा, 'एडिट' करा, 'न्यू' म्हणा आणि पायथॉनच्या फोल्डरचा पत्ता घाला. फोल्डरचा हं, प्रोग्रॅमच्या फाइलचा नाही! पोस्टमनला घराचा पत्ता लागतो, घरातल्या कपाटाचा नव्हे. मग सगळीकडे 'ओके'.

आणि आता खरी मेख. एवढं सगळं नीट करूनही जुन्या काळ्या खिडकीत परत 'पायथॉन' म्हणाल तर तेच उत्तर येतं, ओळखत नाही! कित्येक जण इथं हात टेकतात. पण ती खिडकी उघडली गेली त्या क्षणी तिनं यादीची एक प्रत आपल्यापाशी घेतलेली असते. नंतर मूळ यादी बदलली तरी तिच्या हातात जुनीच प्रत. वर्गात सकाळी गृहपाठ उतरवून घेतला आणि दुपारी बाईंनी फळ्यावरचं गणित बदललं, तर वहीतलं गणित आपोआप थोडंच बदलतं? खिडकी बंद करायची, नवी उघडायची. आमच्या वर्गात नवी खिडकी उघडली तेव्हा पायथॉननं तीन बाण दाखवून स्वागत केलं. त्या तीन बाणांवर आमच्या पोरांनी पहिलं गणित काय घातलं असेल? १७ चा पाढा!

लिनक्सवर हेच काम टर्मिनलमधून करतात. यादीतले पत्ते तिथं कोलननं वेगळे केलेले असतात, विंडोजवर अर्धविरामानं. लिनक्सवर नवा पत्ता लिहिताना 'जुनी यादी अधिक हा पत्ता' असं लिहावं लागतं. 'जुनी यादी' म्हणायला विसरलात तर नवा एकच पत्ता उरतो आणि बाकीचे सगळे पुसले जातात. विंडोजवरही काही जण 'सेटएक्स' नावाची आज्ञा वापरतात. तिच्यात एक खोड आहे. यादी १०२४ अक्षरांपेक्षा लांब झाली तर ती पुढचा भाग कापून टाकते. म्हणून पालकांनो, मुलांना यादीला हात लावू द्या, अडवू नका. पण आधी ती जशी आहे तशी एका फाइलमध्ये उतरवून ठेवायला सांगा.

यादीतला क्रम तर फारच महत्त्वाचा. पहिला भेटेल तो खरा, हे आपण पाहिलंच. विंडोज १० मध्ये २०१९ पासून एक गंमत सुरू झाली. पायथॉन बसवलेला नसताना 'पायथॉन' टाइप केलं की मायक्रोसॉफ्टचं दुकान उघडतं! कारण विंडोजनं त्याच नावाचा एक तोतया आधीच एका फोल्डरात ठेवलाय, जो फक्त दुकानाकडे बोट दाखवतो. यादीत त्याचं फोल्डर तुमच्या पायथॉनच्या वर असलं, तर खरा पायथॉन बसवूनही दुकानच उघडत राहील. अशा वेळी 'व्हेअर पायथॉन' अशी आज्ञा द्या. त्या नावाचे जेवढे सापडतील तेवढ्यांचे पत्ते यादीच्याच क्रमानं छापून येतात. सगळ्यात वरचा असेल त्याला हाक पोचते. लिनक्स आणि मॅकवर याच कामाला 'विच' आहे. (चेटकीण नव्हे, 'कोणता' या अर्थाची.) मग पत्ता वर-खाली सरकवला की झालं. विंडोज १० आणि ११ मध्ये त्यासाठी बटणंच दिली आहेत.

तोतयावरून आठवलं. युनिक्सच्या माणसांनी एक शहाणपणा केला. आपण या क्षणी ज्या फोल्डरात उभे आहोत, ते फोल्डर ते यादीत घालत नाहीत. का? समजा, कुणी खोडसाळानं एखाद्या पेनड्राइव्हवर नेहमीच्या आज्ञेच्या नावाचा भलताच प्रोग्रॅम ठेवला आणि तुम्ही त्या पेनड्राइव्हच्या फोल्डरात उभं राहून ती आज्ञा दिलीत, तर? कमांड प्रॉम्प्ट मात्र सगळ्यात आधी पायाखालच्याच फोल्डरात बघतो. म्हणून अनोळखी पेनड्राइव्ह जोडून त्यातच आज्ञा देत बसू नये.

ॲपलचे मॅक संगणक आपल्या शाळांत फारसे नाहीत, पण कुणाचा मामा किंवा आत्या पुण्यात संगणकाच्या कंपनीत असेल, तर त्यांच्याकडे बघायला मिळतील. तिथला प्रकार आणखी निराळा. प्रोग्रॅम तयार करण्याची हत्यारं तिथं एका पेटीत येतात. 'एक्सकोड' नावाची थोरली पेटी कित्येक जीबीची. म्हणून २०१२ पासून ॲपलनं नुसत्या कमांड लाइनच्या हत्यारांची धाकटी पेटी वेगळी द्यायला सुरुवात केली. काही जणांकडे दोन्ही असतात. मग 'गिट' अशी हाक मारली तर (लिनस टॉरवाल्ड्स यांनी २००५ साली केलेलं हे हत्यार प्रोग्रॅममधल्या एकेका बदलाची नोंद ठेवतं) कुठल्या पेटीतलं गिट उठायचं? मॅकनं यादीतल्या फोल्डरात खरं गिट ठेवलेलंच नाही, तिथं एक दारवान बसवलाय. तो हाक ऐकतो, 'सध्या कुठली पेटी चालू आहे?' असं विचारतो आणि तुम्हाला त्या पेटीकडे पाठवतो. हा पेटीचा पत्ता सांगणारी आणि बदलणारी आज्ञा म्हणजे 'एक्सकोड-सिलेक्ट'.

कधी कधी मॅकची नवी आवृत्ती चढवली, किंवा एक्सकोड दुसरीकडे हलवलं, की दारवानाजवळचा पत्ता खोटा ठरतो. दोन हजार वर्षांपूर्वी कल्याण बंदराचा माल मुरबाडच्या बाजूनं नाणेघाट चढून जुन्नरला जायचा. आज गाड्या माळशेज घाटातून जातात. एखाद्या ड्रायव्हरला कुणी जुनीच वाट सांगितली, तर एसटी नाणेघाटाच्या पायथ्याशी उभी राहील ना? मॅकवर तसंच होतं. गिटला हाक मारली की तक्रार येते, 'डेव्हलपरचा पाथ चुकीचा आहे.' अशा वेळी आधी 'एक्सकोड-सिलेक्ट' पुढं वजाचं चिन्ह आणि 'पी' लिहून विचारायचं, सध्या पत्ता कुठला आहे? तो पत्ता खरोखर आहे का ते बघायचं. पेटी दुसरीकडे असेल तर 'स्विच' म्हणून नवा पत्ता द्यायचा. गोंधळ झाला तर 'रीसेट' म्हणायचं. यासाठी संगणकाच्या मालकाचा पासवर्ड लागतो, म्हणून मामाला विचारूनच! आणि पेटी खरंच नाहीशी झाली असेल, तरच 'इन्स्टॉल' म्हणून परत उतरवायची. पत्ता न तपासता कित्येक जीबी पुन्हा उतरवणारे महाभाग शहरात पुष्कळ आहेत. त्यांचं नेट वायरचं असतं. आपल्याकडे टोकावडे किंवा डोळखांबच्या पुढं एका फोनवर घरातली चार माणसं दिवसभराचा डेटा पुरवून वापरतात. तिथं हा शहाणपणा आधी यायला हवा.

ज्यांना हे मराठीतून ऐकत ऐकत शिकायचंय त्यांच्यासाठी आयआयटी मुंबईचा 'स्पोकन ट्युटोरियल' हा उपक्रम आहे. त्यात लिनक्स, पायथॉन अशा विषयांचे छोटे छोटे धडे मराठी आवाजात फुकट मिळतात. एकदा उतरवून घेतले की रेंज नसतानाही बघता येतात.

आता एक खेळ. विंडोजच्या काळ्या खिडकीत 'पाथ' लिहा, एक जागा सोडा, अर्धविराम द्या आणि एंटर दाबा. घाबरू नका, यादी फक्त त्या एका खिडकीपुरती कोरी झाली. आता 'नोटपॅड' म्हणा. रोजचं नोटपॅड, पण संगणक म्हणेल, ओळखत नाही! मग 'डिर' म्हणा. ते मात्र चालेल. का बरं? कारण 'डिर' हा निराळा प्रोग्रॅम नाही, तो त्या खिडकीच्या स्वतःच्याच पोटात आहे, त्याला यादी लागत नाही. आता नोटपॅडचा पूर्ण पत्ता द्या: सी, कोलन, उलटी तिरकी रेघ, विंडोज, पुन्हा उलटी तिरकी रेघ, नोटपॅड. उघडलं? लिनक्सवाल्यांनी मोठ्या लिपीतलं 'पाथ' आणि त्याला चिकटून बरोबरचं चिन्ह देऊन एंटर दाबावा. मग 'एलएस' ही आज्ञा देऊन बघावी, आणि नंतर 'बिन' फोल्डरातल्या 'एलएस'चा पूर्ण पत्ता देऊन. झालं की खिडकी बंद करा. नवी खिडकी उघडली की यादी जशीच्या तशी परत आलेली दिसेल.